भाटीवऱ्याच्या लाटा कुठे गेल्या?

जेटीवरच्या बोर्डावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लाटांची उंची ०.४ मीटर. समुद्र शांत.' आणि नेमक्या त्याच वेळी मोरेश्वर तांडेलांची होडी भाटीवऱ्याजवळ खाडीच्या मुखाशी दोन मीटर उंचीच्या लाटेवर आडवी झाली.

होडी बुडाली नाही. मोरेश्वर तीस-पस्तीस वर्षं समुद्रावर जाणारे. त्यांनी सुकाणू सोडलं नाही, पण होडी सावरताना डावं मनगट काठावर आपटून मोडलं. दुपारी ते घरी आले ते हात पंच्याने गळ्यात बांधूनच. दारात उभ्या असलेल्या हेमांगीला, म्हणजे आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ते एवढंच म्हणाले, "बोर्ड खोटं बोलला."

ही गोष्ट आहे २०६१ सालची. समुद्र वर चढत गेला तशी कोकणातल्या भाटीवरे, शिंपोळे आणि करंजखोल या तीन गावांची घरं एकेक करून पाण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी तिन्ही गावांतली माणसं वरच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, एकत्र राहायला आली. वसाहतीचं नाव पडलं 'नवा सडा'. खाली खाडीत सगळ्यांची मिळून एक जेटी झाली. तिथून खाडीचं मुख दिसत नाही, कारण मध्ये डोंगराचा सोंडगा (पाण्यात पुढे आलेली सोंड) येतो. म्हणून होडी सोडण्याआधी प्रत्येक जण बोर्ड बघायचा.

बोर्डाला खबर द्यायचे बोये. बोया (पाण्यात नांगरून ठेवलेला तरंगतं पिंप) प्रत्येक गावाचा वेगळा होता. आत लाटा मोजणारं यंत्र, वर सौर तबकडी. दर तासाला बोया लाटांची उंची मोजायचा आणि आपल्या गावच्या बंदराला ई-मेल पाठवायचा. हे बोये गावं उठण्याच्या कितीतरी आधीपासून समुद्रात होते आणि अजून उत्तम चालत होते.

मग बोर्ड खोटं कसं बोलला?

त्या संध्याकाळी हेमांगीने बाबांना दोनदा तोच प्रश्न विचारला, "तुम्ही नीट वाचलं होतं ना?"

"हेमा, मी काय आज वाचायला शिकलो? अर्धा मीटरसुद्धा नव्हती म्हणे लाट!" बाबा चिडले. मग जरा वेळाने हळू आवाजात म्हणाले, "आज मी होतो. उद्या दुसरा कोणी असेल."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पावणेसातलाच हेमांगी वही आणि घड्याळ घेऊन जेटीवर जाऊन बसली. बोये बरोबर तासाच्या ठोक्याला खबर देतात हे तिला ठाऊक होतं. सात वाजले. पाचव्या सेकंदाला बोर्ड लुकलुकला आणि त्यावर आलं, '२.१ मीटर'. हेमांगी ताडकन उठली. तिने आकडा लिहून घेतला, मान वर केली, तर बोर्डावर '०.९ मीटर'! एकोणिसावा सेकंद. ती बघतच राहिली. बेचाळिसाव्या सेकंदाला आकडा पुन्हा बदलला, '०.४ मीटर. समुद्र शांत.' आणि मग पूर्ण तासभर तो तसाच राहिला.

आठ वाजता पुन्हा तसंच, नऊ वाजताही तसंच. तीन आकडे, आणि शेवटचा टिकून राहिला.

हेमांगीने वहीत लिहिलं, 'बोर्ड खोटं बोलत नाही. तो तीनदा खरं बोलतो. आपण शेवटचंच वाचतो.' आणि ती धावत सड्यावर निघाली.

शाळेच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक बसकी, जाड भिंतींची खोली होती. वसाहतीची सगळी यंत्रं तिथे गारव्यात ठेवलेली. ती सांभाळायच्या नफीसा परकार. मूळच्या शिंपोळ्याच्या. समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या तारा टाकणाऱ्या जहाजावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती आणि तीनच महिन्यांपूर्वी त्या कायमच्या परत आल्या होत्या. वसाहतीतली मुलं त्यांना नफीसाखाला, म्हणजे नफीसामावशी, म्हणत. हेमांगी आत शिरली तेव्हा त्या अंगात दोन स्वेटर घालून, जमिनीवर मांडी ठोकून एका पंख्याची पाती पुसत होत्या.

"खाला, बोर्डावर तीन आकडे येतात!"

नफीसाखालांनी वही हातात घेतली, आकडे वाचले, सेकंद वाचले. मग पाती बाजूला ठेवली.

"हे तू स्वतः टिपलंस?"

"हो. दोन तास बसले होते."

"छान केलंस. आता आपण मास्तरांना विचारू."

मास्तर म्हणजे वसाहतीचा मेल सर्व्हर (ई-मेल स्वीकारून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणारा आणि बाहेर पाठवणारा संगणक). खोलीच्या कोपऱ्यात एका लोखंडी कपाटात तो बसवलेला होता. त्याला बोलता येत असे, आणि सगळं पोस्टमास्तरासारखं बिनचूक बोलतो म्हणून लोक त्याला मास्तर म्हणत.

"मास्तर, आज नऊ वाजता 'बंदर' पेटीत किती पत्रं आली?" नफीसाखालांनी विचारलं.

"तीन," मास्तर म्हणाला. "एक बंदर@भाटीवरे.भारत या पत्त्यावर, एक बंदर@शिंपोळे.भारत या पत्त्यावर आणि एक बंदर@करंजखोल.भारत या पत्त्यावर."

"आणि तिन्ही एकाच पेटीत टाकलीस?" हेमांगीने विचारलं.

"हो. पेटीचं नाव 'बंदर'. तिन्ही पत्त्यांत 'बंदर' आहे. बोर्डावर दर 'बंदर' पेटीमागे एक ओळ दिसते, तिच्यातल्या शेवटच्या पत्राची."

हेमांगीचं तोंड उघडंच राहिलं. "अरे, पण गावं वेगळी आहेत!"

"गाव बघायला मला कोणी सांगितलेलं नाही," मास्तर शांतपणे म्हणाला.

नफीसाखाला हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "रागावू नकोस त्याच्यावर. यंत्र बसवून देणारी माणसं जे लिहून गेली तेच तो करतो. मीही हे आधीच तपासायला हवं होतं. बस इथे. आधी पत्ता म्हणजे काय ते बघू."

त्यांनी हेमांगीच्या वहीत लिहिलं : बंदर@भाटीवरे.भारत.

"मधलं हे @ चिन्ह. त्याला 'ॲट' म्हणतात. त्याच्या आधी आहे पेटीचं नाव. त्याच्या नंतर आहे डोमेन (इंटरनेटवर नोंदवलेलं नाव, जगात एकाच मालकाचं). डोमेन दोघांचं सारखं असूच शकत नाही. पेटीचं नाव मात्र हजार ठिकाणी सारखं असू शकतं. तुझ्या वर्गात वेदिका किती आहेत?"

"दोन. एक करंजखोलची, एक आमच्या भाटीवऱ्याची."

"आणि बाईंनी नुसतं 'वेदिका, वही आण' म्हटलं तर?"

"दोघी उठतात."

"आपल्याकडे गावं एकत्र आल्यापासून तेच चाललंय. आजवर मोठ्या लाटा आभाळावरूनच कळायच्या, म्हणून हे उघडं पडलं नाही. पूर्वी प्रत्येक गावाचा स्वतःचा सर्व्हर होता, तेव्हा गोंधळ व्हायचं कारणच नव्हतं. भाटीवऱ्याच्या यंत्रात एकच 'बंदर' पेटी. आता तीन गावांचं एक यंत्र झालं."

हेमांगी विचारात पडली. "पण खाला, बोयाला कसं कळलं की आता पत्र या खोलीत पाठवायचं? तो तर समुद्रात आहे. त्याला गाव उठल्याचंही माहीत नाही."

"हा तू खरा प्रश्न विचारलास!" नफीसाखालांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "त्याला माहीत असायची गरजच नाही. इंटरनेटवर एक नामकोश असतो (डोमेनची नावं आणि त्यांचे ठावठिकाणे लिहिलेली जगभराची सामायिक वही). त्यात प्रत्येक डोमेनसमोर लिहिलेलं असतं, याची पत्रं अमुक यंत्राकडे न्या. पत्र निघालं की आधी तिथे विचारणा होते. भाटीवरे.भारतची पत्रं कुठे? नव्या सड्यावरच्या मास्तराकडे. शिंपोळे.भारतची? मास्तराकडेच. तीन नावांसमोर एकाच यंत्राचा ठिकाणा लिहायला काहीच हरकत नसते."

"म्हणजे पत्रं दारापर्यंत बरोबर येतात. घोळ दाराच्या आत होतो."

"अगदी बरोबर."

एवढ्यात खरंच दार वाजलं. पुनर्वसन कार्यालयातले तरुण अभियंते कौस्तुभ घैसास आत आले. चार वाजता वसाहतीची सभा होती, त्यासाठी ते तालुक्याहून आले होते आणि येतायेता मोरेश्वरांना भेटून आले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"परकार मॅडम, कालचं ऐकून मला फार वाईट वाटलं. मी उपाय घेऊनच आलोय. वसाहत एक, तर नाव एक. नवासडा.भारत. जुनी तिन्ही डोमेनं आज सभेनंतर बंद करून टाकू. म्हणजे गोंधळ संपला."

भाटीवरे.भारत बंद? आता गाव उरलं होतं ते तेवढ्याच ठिकाणी. पण हेमांगी बोलली ते वेगळंच. "साहेब, मग बोये पत्र कुठे पाठवतील?"

"बोयांचे पत्ते बदलू."

"ते बदलता येत नाहीत," नफीसाखाला म्हणाल्या. "पत्ता आतल्या चिपमध्ये कायमचा कोरलेला आहे. बोया पाण्यातून काढून कारखान्यात न्यावा लागेल. तिन्हींचं मिळून दोन-तीन महिने तरी जातील."

घैसास म्हणाले, "तोवर बोर्ड बंद ठेवावा लागेल."

"आणि होड्या?" हेमांगीने विचारलं.

नफीसाखाला उठून उभ्या राहिल्या. "घैसास, एक यंत्र तीन नावं चालवू शकतं. तीनच काय, तीनशेही. आम्हाला सभेपर्यंत वेळ द्या. चार वाजता तुम्ही स्वतः बघा. नाही जमलं तर तुमचा उपाय."

घैसासांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. "चालेल. जमलं तर मीच सभेत तसं सांगेन."

ते गेल्यावर नफीसाखालांनी हेमांगीला खुर्चीवर बसवलं आणि कळफलक तिच्यापुढे सरकवला.

"मी?"

"तू शोधलंस ना? तूच लिही. मी शेजारी आहे."

पडद्यावर मास्तराच्या सूचना उघडल्या. पहिली यादी होती 'सामायिक डोमेनं'. त्यात तिन्ही गावांची नावं.

"या यादीचा अर्थ असा की ही सगळी नावं म्हणजे एकच घर," नफीसाखालांनी सांगितलं. "पत्र त्यांतल्या कुठल्याही नावाने आलं तरी मास्तर @ नंतरचा भाग सोडून देतो आणि फक्त पेटीचं नाव बघतो. एकाच घराला तीन नावं असतील तर हे ठीक. आपली घरं वेगळी आहेत. म्हणून नावं इथून काढायची आणि दुसऱ्या यादीत घालायची, 'स्वतंत्र डोमेनं'."

हेमांगीने दुसऱ्या यादीत तीन नावं लिहिली. पहिल्या यादीतून शिंपोळे काढलं, करंजखोल काढलं.

"भाटीवरे.भारत दोन्ही याद्यांत आहे," मास्तर म्हणाला. "मी सामायिक यादी आधी वाचतो. भाटीवऱ्याचं काहीच बदलणार नाही."

हेमांगीने जीभ चावली. नेमकं आपलंच गाव राहिलं होतं! तिने ते नाव पुसलं.

"ही चूक मीही केली आहे," नफीसाखाला म्हणाल्या. "तेव्हा एका अख्ख्या जहाजाची पत्रं तीन दिवस भलत्याच पेटीत पडत होती. एक नाव, एकच यादी. आता पेट्यांचा तक्ता. डावीकडे पूर्ण पत्ता, उजवीकडे पेटी. पूर्ण पत्ता, बरं का. अर्धा नाही."

हेमांगी एकेक ओळ लिहू लागली. बंदर@भाटीवरे.भारत, पेटी : भाटीवरे/बंदर. बंदर@शिंपोळे.भारत, पेटी : शिंपोळे/बंदर. मग करंजखोल. मग तिन्ही दवाखाने, तिन्ही शाळा. नऊ ओळी झाल्या. मग मच्छीमार संस्था, वाचनालयं, घराघरांच्या पेट्या. सव्वाशे ओळी लिहिता लिहिता तिची बोटं दुखायला लागली. पण प्रत्येक ओळीबरोबर तिला ते घर डोळ्यांपुढे दिसत होतं, कोणाचं, कुठल्या पाखाडीला (वाडीतल्या दगडी पायवाटेला), कुठल्या विहिरीच्या वर.

"आता तपासू," नफीसाखाला म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून तीन पत्रं पाठवली. पहिलं बंदर@भाटीवरे.भारतला. ते बरोबर पेटीत पडलं. दुसरं मुद्दाम चुकवून, बंद@भाटीवरे.भारतला.

"अशी पेटी नाही," मास्तर म्हणाला. "पत्र परत पाठवलं."

"परत कशाला?" हेमांगी म्हणाली. "चुकलेली सगळी पत्रं ठेवायला एक मोठी पेटी करू या की!"

"मग पाठवणाऱ्याला वाटेल पोचलं, आणि इथे ते कोणी वाचणार नाही. कालच्यासारखंच. चूक झाली हे ज्याचं त्याला लगेच कळलेलं बरं."

तिसरं पत्र भलत्याच गावाच्या डोमेनचं होतं. मास्तराने ते दारातच नाकारलं, "हे डोमेन माझं नाही."

"आणि हे घेतलं असतं तर काय झालं असतं?"

"तर जगातल्या प्रत्येक लबाड माणसाने आपली फसवी पत्रं आपल्या मास्तराकरवी पाठवली असती. चार दिवसांत सगळ्या जगाने आपली खरी पत्रंसुद्धा घ्यायचं बंद केलं असतं. चांगल्या सर्व्हरला कोणाची पत्रं घ्यायची हे कळायला हवं, आणि कोणाची घ्यायची नाहीत हेही."

बारा वाजायला पाच मिनिटं होती. दोघी पडद्यापुढे बसून राहिल्या. नफीसाखालांनी थर्मासमधला कोरा चहा ओतला, पण प्याला तसाच हातात राहिला. बारा वाजले. पाचवा सेकंद.

"भाटीवरे/बंदर, एक पत्र," मास्तर म्हणाला. "शिंपोळे/बंदर, एक पत्र." मग बराच वेळ काही नाही. हेमांगी सेकंद मोजत राहिली. "करंजखोल/बंदर, एक पत्र."

"करंजखोलचा बोया खाडीच्या आत आहे," नफीसाखाला म्हणाल्या. "तिथून संदेश उशिरा निघतो. म्हणून त्याचं पत्र नेहमी शेवटी, आणि बोर्डावर टिकायचं तेच. खाडीतलं पाणी तर शांतच असणार!"

जेटीवरच्या बोर्डावर आता तीन पेट्यांच्या तीन ओळी आल्या होत्या; त्या इथे पडद्यावरही दिसत होत्या. भाटीवरे २.२. शिंपोळे ०.९. करंजखोल ०.४.

हेमांगी आनंदाने उडीच मारणार होती, पण नफीसाखाला पहिल्या आकड्याकडे टक लावून बघत होत्या. "सात वाजता २.१ होता. आता २.२. आभाळ तर लख्ख आहे."

"मग लाटा कशाने वाढतात?"

"दूर समुद्रात, हजार-दोन हजार किलोमीटरवर कुठेतरी वादळ झालं असेल. त्याच्या लाटा चालत चालत दोन-तीन दिवसांनी आपल्याकडे येतात. आभाळाकडे बघून त्यांचा पत्ता लागत नाही. भाटीवऱ्याचं मुख उघड्या समुद्राकडे आहे, तिथे त्या थेट शिरतात. शिंपोळ्याला सोंडग्याची आड आहे. अडीच वाजता भरतीबरोबर होड्या निघतील. एक तास थांबणं परवडणार नाही. बोयाला सांगू या, दर दहा मिनिटांनी मोज."

बोयाला आज्ञाही पत्रानेच जायची. हेमांगीने बंदर@भाटीवरे.भारतवरून पत्र लिहिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, 'सही जुळत नाही. आज्ञा नाकारली.'

"सही? मी सही केलीच नाही!"

"मास्तर करतो," नफीसाखाला म्हणाल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, बाहेर जाणाऱ्या पत्रांवर कोणाची सही करतोस?"

"शिंपोळे.भारतची. माझ्या यादीत तेच पहिलं आहे."

नफीसाखालांनी भराभर समजावलं. डिजिटल सही (पत्र खरंच त्या डोमेनकडून आलं आणि वाटेत कोणी बदललं नाही याचा गणिती पुरावा) करायला दोन किल्ल्या लागतात. एक गुप्त, ती मास्तरापाशी. दुसरी उघड, ती नामकोशात सगळ्यांना दिसते. गुप्त किल्लीने केलेली सही उघड किल्लीने पडताळता येते, पण उघड किल्लीवरून गुप्त किल्ली बनवता येत नाही. "पत्रावर नाव भाटीवऱ्याचं आणि सही शिंपोळ्याची. बोयाने नाकारलं, शहाणपणाच केला त्याने. आपल्याला तीन डोमेनं तर तीन सह्या हव्यात."

हेमांगीने मास्तराकडून किल्ल्यांच्या तीन जोड्या करून घेतल्या. उघड किल्ल्या नफीसाखालांनी नामकोशात नोंदवल्या. "ही नोंद सगळीकडे पोचायला वेळ लागतो. वीस मिनिटं, कधी जास्त. आता थांबायचं."

ती वीस मिनिटं फार लांब होती. हेमांगी तीनदा दारापर्यंत जाऊन आली. एक वाजता ताशी पत्र आलं, भाटीवरे २.४. पहिला प्रयत्न फसला. सव्वाला पुन्हा केला. या वेळी उत्तर आलं, 'सही जुळली. दर दहा मिनिटांनी मोजणी सुरू.'

दीड वाजता २.५. वीस मिनिटांनी २.७. दोन वाजता २.९.

हेमांगी पायऱ्या उतरून जेटीवर पोचली तेव्हा बारा होड्या तयार होत्या. जाळी भरलेली, इंजिनं सुरू. तिचे बाबाही गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत तिथे आले होते आणि बोर्डापुढे उभे होते. त्यांच्याभोवती माणसं जमली होती.

"हे तीन आकडे काय आहेत आता?" कोणीतरी विचारत होतं. "नेमका कुठला खरा?"

"तिन्ही खरे," हेमांगी धापा टाकत म्हणाली. "ज्या बाजूला जायचं त्या गावाची ओळ वाचा. भाटीवऱ्याच्या मुखातून जाऊ नका. तिथली लाट तीन मीटरला लागली आहे."

एक जण म्हणाला, "आभाळ तर बघ किती साफ आहे!"

तेव्हा मोरेश्वर पुढे झाले. "आभाळ कालही साफ होतं," ते म्हणाले आणि त्यांनी गळ्यातला हात जरा वर उचलून दाखवला. आणखी काही सांगावं लागलं नाही. भाटीवऱ्याच्या मुखातून जाणाऱ्या सात होड्यांची इंजिनं एकामागून एक बंद झाली. करंजखोलच्या चार होड्या खाडीतल्या खाडीत निघाल्या, त्यांच्या ओळीत ०.४ होतं. शिंपोळ्याची एक होडी सोंडग्याच्या आडोशाने गेली आणि तासाभराने भरपूर बांगडा घेऊन परत आली. तिच्यावरची माणसं सांगत होती की सोंडग्यापलीकडे लाटा फुटल्याचा आवाज तोफेसारखा येत होता.

जेटीच्या पायरीवर घैसास उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. ते हेमांगीजवळ येऊन म्हणाले, "एक विचारू? तीन नावं, तीन तक्ते, तीन सह्या. यंत्रावर ताण नाही येत?"

"नाही. मास्तराला फक्त पूर्ण पत्ता वाचायचा असतो," हेमांगी म्हणाली.

चारच्या सभेत घैसासांनी शब्द पाळला. "मी एक नाव करायला आलो होतो," ते म्हणाले. "माझी समजूत होती की यंत्र एक तर नावही एकच हवं. आज दुपारी ती चुकीची ठरली. आपली तिन्ही डोमेनं चालू राहतील. नवासडा.भारतही असेल, ते वसाहतीच्या सामायिक कामासाठी."

मोरेश्वर सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "घरं पाण्याखाली गेली ते आम्ही सोसलं. पण आज बोर्डावर भाटीवरे वाचलं आणि वाटलं, आपण कुठले ते अजून कोणी विसरलं नाही." आणि ते खाली बसले.

त्यानंतर नफीसाखालांनी दर रविवारी सकाळी यंत्रांच्या खोलीत मुलांचा वर्ग सुरू केला. दोन्ही वेदिका त्यात आल्या. थंडी वाजते म्हणून सगळी मुलं कानटोप्या घालून यायची. मास्तर त्यांच्या प्रश्नांना कंटाळत नसे.

दिवाळीनंतर खाडीपलीकडच्या तिवरखोलची सत्तर घरं सड्यावर येणार असं ठरलं. त्यांच्या गावातली नऊ-दहा मुलं जागा बघायला आली, तेव्हा त्यांतली एक मुलगी यंत्रांच्या खोलीत रेंगाळली. तिचं नाव जान्हवी पाटेकर. ती पडद्यावरची नावं वाचत होती.

"तुमचं डोमेन आहे का?" हेमांगीने विचारलं.

"आहे. तिवरखोल.भारत. पण इथे आल्यावर..." ती थांबली.

हेमांगीने खुर्ची ओढली आणि तिला शेजारी बसवलं. "'स्वतंत्र डोमेनं' या यादीत लिही. सामायिकमध्ये नको हं. मग पेट्यांचा तक्ता. मग सहीच्या किल्ल्या. नामकोशातली नोंद खाला करतील. पहिली ओळ तूच लिही."

जान्हवीने एकेक अक्षर शोधून दाबलं. ति-व-र-खो-ल.

"नवीन डोमेन स्वीकारलं," मास्तर म्हणाला. आणि जरा थांबून, जणू हिशेब करत असावा तसं त्याने विचारलं, "अशी आणखी किती गावं येतील?"

हेमांगीने खिडकीतून बाहेर पाहिलं. सड्यावर नव्या घरांच्या चौथऱ्यांची आखणी चालू होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे जागा आहे ना?"

"भरपूर आहे," मास्तर म्हणाला.